श्वास की नाडी? : हैदराबाद संस्थानातील क्लोरोफॉर्म आयोग (१८८८-१८८९)

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होता. त्यामुळे बीड, आंबेजोगाई (तत्कालीन मोमिनाबाद) किंवा गेवराई येथील सरकारी वैद्यकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबादकडेच आधी वळावे लागते. संस्थानाच्या सेवेसाठी डॉक्टर तयार करणारे विद्यालय हैदराबादेत १८४६ मध्ये निघाले होते. औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय स्थापन होण्यास १९५६ साल उजाडले. मधल्या शतकाहून अधिक काळात रुग्णास औषध कसे द्यावे, दिल्यावर त्याच्यावर कशी नजर ठेवावी, यासंबंधीचे संस्थानी शिक्षण हैदराबादच्याच परंपरेतून आले. या परंपरेतील सर्वांत गाजलेले प्रकरण म्हणजे १८८८ व १८८९ सालचे दोन क्लोरोफॉर्म आयोग होत. एका देशी संस्थानाच्या खजिन्यातून चाललेल्या या संशोधनाने काही वर्षे सगळ्या इंग्रजी वैद्यकजगतास वादात गुंतविले. या आयोगांनी सांगितलेला आचारनियम पुष्कळ अंशी हितकर होता, परंतु त्याच्या समर्थनार्थ मांडलेला सिद्धांत चुकीचा होता. हा भेद ध्यानात न घेतल्यास आयोगांचे मूल्यमापन एकांगी होते.

वादाचे मूळ इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये आहे. एडिंबरोचा जेम्स यंग सिम्प्सन याने नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखावरील किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताच काही मिनिटांत मरण पावली. मुलगी अन्यथा धडधाकट होती. मृत्यू औषधाने झाला, की तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेल्या पाणी व ब्रँडीने गुदमरून झाला, यावर तेव्हापासूनच मतभेद झाले. सिम्प्सनने दुसरा पक्ष घेतला. अशा घटना पुढेही घडत राहिल्या आणि वैद्यकांत दोन तट पडले.

लंडनच्या तटाचा प्रमुख आधार जॉन स्नो होता. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीस प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देणारा हाच वैद्य. हवेत क्लोरोफॉर्मच्या वाफेचे प्रमाण फार झाले तर हृदय एकाएकी बंद पडू शकते, असे त्याचे मत होते. म्हणून वाफ मोजून देणारे उपकरण वापरावे व नाडीवर बोट ठेवावे, असा या पक्षाचा आग्रह असे. एडिंबरोच्या तटाचा अध्वर्यू जेम्स साइम होता. त्याच्या मते उपकरणांची गरज नव्हती. कापडावर औषध घालावे, पुरेशी हवा जाऊ द्यावी, आणि लक्ष सर्वस्वी श्वासावर ठेवावे. नाडी पाहणे हे लक्ष विचलित करणारे होय. १८८० च्या सुमारास ग्लासगो येथील समितीने प्राण्यांवर प्रयोग करून क्लोरोफॉर्मने रक्तदाब अकस्मात घसरतो व हृदयावर परिणाम होतो असे दाखविले, तेव्हा लंडनच्या पक्षास बळ मिळाले.

याच साइमचा विद्यार्थी सर्जन-मेजर एडवर्ड लॉरी १८८५ मध्ये हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आला आणि वैद्यक विद्यालयाची सूत्रे त्याच्याकडे आली. विद्यालयातील शिक्षण तोवर उर्दूतून होत असे; लॉरीच्या कारकीर्दीत ते इंग्रजीतून होऊ लागले. त्याच सुमारास मुलींनाही प्रवेश मिळाला. १८८५ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी रूपाबाई फरदुनजी पुढे क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात निष्णात झाल्या. भूल देण्याचे कार्य व्यवसाय म्हणून करणाऱ्या जगातील अगदी प्रारंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. लॉरीने गुरूची पद्धत जशीच्या तशी हैदराबादेत रुजविली. हजारो रुग्णांस क्लोरोफॉर्म देऊनही आपल्या हाती मृत्यू घडला नाही, असे तो अभिमानाने सांगे, व त्याचे श्रेय नाडीकडे दुर्लक्ष करून श्वासावर लक्ष ठेवण्याच्या नियमास देई.

१८८८ मध्ये पॅट्रिक हेहिर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला आयोग बसला. मोकाट कुत्र्यांवर प्रयोग झाले व प्रत्येक वेळी श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून, असा निष्कर्ष निघाला. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचे त्याने समाधान झाले नाही. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने 'लॅन्सेट'चा प्रतिनिधी हैदराबादेस आणण्यासाठी १,००० पौंड देऊ केले. प्रतिनिधी म्हणून टॉमस लॉडर ब्रंटन आला. हृच्छूलावर अमिल नायट्राइटचा उपयोग १८६७ मध्ये दाखवून देणारा हा औषधशास्त्रज्ञ क्लोरोफॉर्म हृदयास घातक ठरू शकते, अशाच मताचा होता. म्हणून त्याची निवड प्रतिपक्षालाही मान्य होण्यासारखी होती. लॉरी, ब्रंटन, बॉमफर्ड व संस्थानी सेवेतील रुस्तमजी अशांच्या या दुसऱ्या आयोगाचे काम १८८९ च्या अखेरच्या महिन्यांत चालले. कुत्री, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे व ससे मिळून ४९० प्राणी वापरल्याचे आणि त्यांपैकी १२० प्राण्यांत रक्तदाबमापक जोडल्याचे ब्रंटनने तारेने लंडनला कळविले. धोका गुदमरण्याचा अथवा अतिमात्रेचा आहे, हृदयास प्रत्यक्ष धोका मुळीच नाही, असा त्या तारेचा आशय होता. ब्रंटनने स्वतःचे पूर्वमत सोडल्यामुळे या घोषणेस विशेष वजन आले. सविस्तर अहवाल १८९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

या अहवालातील व्यावहारिक सूचना आजही वाचण्याजोग्या आहेत. रुग्णास उताणे निजवावे. गळ्याभोवती, छातीवर व पोटावर काही आवळलेले नसावे. औषध साध्या टोपीवजा साधनातून द्यावे. डोळ्यास बोटाचा स्पर्श करताच पापणी मिटण्याची क्रिया थांबली म्हणजे भूल पुरेशी झाली असे समजावे. श्वास अडखळला तर औषध तत्काळ काढून वायुमार्ग मोकळा करावा व कृत्रिम श्वसन सुरू करावे. औषध देणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे न पाहता रुग्णाच्या श्वासाकडेच पाहावे, हा या सर्वांचा गाभा होता. यंत्रसामग्री नसलेल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात एकट्यादुकट्या डॉक्टरास पाळता येतील असेच हे नियम होते. अतिमात्रेमुळे होणारे श्वासरोधाचे मृत्यू अशा दक्षतेने टळू शकत होते, यात शंका नाही.

परंतु नियमाच्या पाठीशी असलेला सिद्धांत टिकला नाही. १८९३ मध्ये गॅस्केल व शोअर यांनी एका प्राण्याचे रक्त दुसऱ्याच्या मेंदूस पुरवून प्रयोग केले आणि रक्तदाब घसरण्याचे कारण क्लोरोफॉर्मची हृदयावरील प्रत्यक्ष क्रिया हेच असल्याचे दाखविले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने मांजरांवरील प्रयोगांतून त्याहून महत्त्वाची गोष्ट उजेडात आणली. क्लोरोफॉर्मची भूल गाढ असताना नव्हे, तर हलकी असताना अ‍ॅड्रेनलिनच्या प्रभावाने हृदयाच्या जवनिकांचे स्फुरण सुरू होऊन मृत्यू एकाएकी ओढवतो, असे त्याला आढळले. भयभीत रुग्णाच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन आपोआपच वाढलेले असते. हॅना ग्रीनरसारख्या, किरकोळ शस्त्रक्रियेच्या आरंभीच दगावलेल्या धडधाकट रुग्णांचे कोडे या शोधामुळे बऱ्याच अंशी उलगडले. अशा वेळी श्वास व हृदय यांत आधी काय थांबते, हा हैदराबादचा प्रश्नच अपुरा ठरतो.

आयोगाची चूक निष्काळजीपणाची नव्हती. प्रयोग पुष्कळ होते, नोंदी काटेकोर होत्या व आलेखांची छायाचित्रेही घेतली होती. चूक होती ती अनुमानाची. वाढत्या मात्रेने प्राण्यास मृत्यूपर्यंत नेल्यास श्वास आधी थांबतो, एवढे प्रयोगांवरून सिद्ध होत होते. क्लोरोफॉर्मने हृदय कधीच बंद पडत नाही, हे त्यावरून सिद्ध होत नव्हते. हजारांत एखाद्या वेळी घडणारी घटना चारपाचशे प्राण्यांत दिसली नाही, म्हणून ती घडतच नाही असे म्हणता येत नाही. शिवाय प्रश्नाची मांडणीच साइमच्या शिष्याने केलेली होती. श्वास पाहावा की नाडी, अशी निवड एकदा गृहीत धरल्यावर दोन्ही पाहावे, हे उत्तर विचारकक्षेबाहेर गेले. सर्वांत घातक परिणाम शिकवणुकीत झाला. हृदयास धोका नाही असे मानणाऱ्या विद्यार्थ्यास नाडी पाहू नये असे बजावले गेले, आणि धोक्याची एक खूण तपासण्याचा मार्गच बंद झाला.

या वादाचा प्रत्यक्ष लाभ दोन्ही पक्षांच्या अपेक्षेबाहेरचा झाला. मात्रेचा प्रश्न पुढे आला, ब्रिटिश वैद्यक संघटनेने स्वतंत्र समिती नेमली आणि वाफेचे प्रमाण २ टक्क्यांवर जाऊ न देणारे व्हर्नन हारकोर्टचे उपकरण १९०३ च्या सुमारास प्रचारात आले. यकृतावरील विषारी परिणामही कळून आले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून जवळजवळ नाहीसे झाले. १९७४ मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी मांडलेल्या तत्त्वावर पुढे बोटाला लावण्याचे जे उपकरण तयार झाले, ते नाडीचा वेग व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण एकाच वेळी दाखविते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणीसूचीत भूल देण्यापूर्वी हे उपकरण रुग्णास लावले आहे ना, याची खात्री करण्यास सांगितले आहे. साइम व स्नो यांच्या शिष्यांनी ज्यावर अर्धे शतक वाद घातला, ती निवड करण्याचे कारणच त्यामुळे उरले नाही.

अफजलगंजचे जुने रुग्णालय १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात नष्ट झाले. १८४६ च्या विद्यालयाचे पुढे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय झाले. बीड जिल्ह्यातही १९७० च्या दशकात आंबेजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. क्लोरोफॉर्म आयोगाचा अभ्यास या प्रदेशाच्या इतिहासात केवळ संस्थानी वैभवाचे प्रकरण म्हणून होऊ नये. प्राण्यांच्या नोंदी आयोगाने बारकाईने ठेवल्या, पण ज्या रुग्णांच्या नावाने हा खटाटोप झाला त्यांना काय वाटले, भूल उतरल्यावर पुढच्या दिवसांत त्यांचे काय झाले, याला अहवालाच्या निष्कर्षांत स्थान नाही. औषधाचा परिणाम शस्त्रक्रियेच्या मेजावरच संपतो, असे तेव्हा मानले गेले. यकृतावर होणारा परिणाम दिवसादोन दिवसांनी प्रकट होतो. तो पाहण्यासाठी रुग्णाच्या खाटेपाशी थांबणे आवश्यक होते.