मोडी दप्तर आणि संगणकाची तबकडी

अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांत मोडी कागदांचीं जुनीं दप्तरें जपून ठेविलेलीं आहेत. कागद शाबूत आहे, शाईहि टिकली आहे. उणीव आहे ती वाचकांची. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडीचें शालेय शिक्षण मागें पडलें आणि आज्यानें लिहिलेलें खरेदीखत नातवास वाचतां येईना. घरगुती व कचेरींतील संगणकाचा आरंभीचा इतिहास चाळतांना हाच प्रसंग पुन्हां समोर उभा राहतो.

आय.बी.एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजीं प्रसिद्ध केला. त्याची मूळ स्मृति अवघी १६ किलोबाइट. हार्ड डिस्क त्यांत नव्हतीच. फ्लॉपी नांवाच्या लवचिक तबकडीवरून आज्ञावली चढवावयाची आणि मजकूर दुसऱ्या तबकडीवर उतरवावयाचा. पुढच्याच वर्षीं ब्रिटनमध्यें निघालेल्या स्पेक्ट्रम यंत्रास तर घरचा टेलिव्हिजन हाच पडदा आणि गाण्यांची कॅसेट हेंच कपाट होतें.

भारतांत नोव्हेंबर १९८४ च्या सरकारी धोरणानें या यंत्रांची वाट मोकळी झाली. तत्पूर्वीं, १९८३ सालीं, बँकांतील यंत्रांच्या वापरास मर्यादा घालणारा करार कर्मचारी संघटनांनीं करून घेतला होता. यंत्र आल्यावर कारकुनाचें काय, ही भीति पोकळ नव्हती.

२०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा सहकारी साखर कारखान्यांचा. प्रत्येक सभासदाच्या उसाचें वजन, भाव, कर्जाची कपात हा सारा हिशेब हातानें करावयाचा म्हणजे रात्री जागविणें आलें. अशा कामास संगणक सोईचा खरा. परंतु बिल घेणारा शेतकरी मराठी वाचणारा आणि यंत्रास ठाऊक केवळ रोमन अक्षरें!

ही अडचण दूर करण्याचा मार्ग कानपूरच्या आय.आय.टी.नें दाखविला. तेथील देवनागरी संगणक १९८३ सालीं दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनांत मांडला गेला. पुढें १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि तिचें जिस्ट कार्ड संगणकांत बसवितांच पडद्यावर मराठी उमटूं लागलें. भारतीय लिप्यांसाठीं इस्की हा समान संकेत १९९१ सालीं मानक ठरला.

छपाईच्या धंद्यानें मात्र निराळीच वाट धरली. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे आकार बसविलेले फॉन्ट तेथें चालूं लागले. एका कंपनीचा ‘क’ ज्या अंकावर, त्याच अंकावर दुसरीचा भलताच आकार! फॉन्ट नाहींसा झाला कीं लेखाचा गोंधळ होई. इस्कीच्या पायावर रचलेला युनिकोडचा देवनागरी विभाग १९९१ पासून होता, पण विंडोजमध्यें त्याची सोय झाली ती २००० सालीं. मधल्या काळांतील कित्येक स्मरणिका, संस्थांचीं इतिवृत्तें आणि पुस्तकांचीं हस्तलिखितें त्या जुन्या संकेतांतच अडकून पडलीं.

मोडी शिकविण्याचे वर्ग आज पुन्हां भरतात, तें कागद टिकला म्हणून. चुंबकीय तबकडी कागदाइतकी सोशिक नाहीं. जुना मजकूर युनिकोडमध्यें बदलणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. ज्या घरांत वा कचेरींत अशा फ्लॉप्या पडून असतील, तेथें त्या वाचतां येत आहेत तोंवरच हें काम उरकून घेतलें पाहिजे आणि एक प्रत कागदावरहि छापून ठेविली पाहिजे.