पाच नाती

इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर कन्फ्यूशिअसच्या पंथाने सांगितलेली पाच नाती लिहिली : राजा-प्रजा, पिता-पुत्र, पती-पत्नी, थोरला भाऊ-धाकटा भाऊ, मित्र-मित्र.

ख्रिस्तपूर्व ५५१ मध्ये लू राज्यात जन्मलेला हा पुरुष हाडाचा शिक्षक. वाळवलेल्या मांसाची जुडी एवढीच दक्षिणा आणणाऱ्यालाही त्याने विन्मुख धाडले नाही. ख्रिस्तपूर्व २१३ मध्ये सम्राटाने त्याच्या परंपरेचे ग्रंथ जाळविले. हान राजवटीत त्यांनाच राजमान्यता मिळाली. पुढे त्यांवर परीक्षा सुरू झाल्या आणि सामान्य घरच्या हुशार मुलालाही अंमलदारीचे दार उघडले. १९०५ मध्ये त्या बंद झाल्या, तोवर सुमारे तेराशे वर्षे हा क्रम चालला.

मुले खूश झाली. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "गुरुजी, ह्यांत मुलगी कुठे आहे?"

मी फळ्याकडे पाहिले. पत्नी होती, लेक नव्हती, बहीण नव्हती. त्या बादशाही परीक्षांनाही स्त्रीला बसता येत नसे. मी तसे प्रांजळपणे सांगितले.

घंटा झाली. फळा पुसताना शेवटची ओळ तेवढी मी राहू दिली. पाचांत थोरला-धाकटा न पाहणारे नाते तेच एक. तिला जागा करायची, तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.