अवटू संप्रेरक आणि रोगप्रतिकारक पेशी

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथी असते. चयापचयाचा वेग ठरवणारी संप्रेरके ती रक्तात सोडते. त्यांत मोठा वाटा थायरॉक्सिनचा म्हणजे टी-४चा असतो. आयोडिनचे चार अणू असलेले हे संप्रेरक स्वतः फारसे क्रियाशील नसते. त्यातील एक विशिष्ट अणू निघून गेला, की टी-३ हे प्रभावी संप्रेरक तयार होते. शरीरातील सुमारे ८० टक्के टी-३ अशा रीतीने ग्रंथीच्या बाहेर, निरनिराळ्या ऊतींमध्ये बनते. १९७० साली ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग या संशोधकांनी, अवटू ग्रंथी निकामी असलेल्या रुग्णांमध्येही हे रूपांतर होते, असे सिद्ध केले.

हे काम सेलेनियमयुक्त विकरे करतात आणि ती रोगप्रतिकारक पेशींतही आढळतात. जंतूंना गिळंकृत करणाऱ्या महाभक्षक पेशी टी-४पासून टी-३ बनवतात. याउलट न्यूट्रोफिल या श्वेतपेशींतील विकर संप्रेरकाला निष्क्रिय करते. म्हणजे या पेशी नवे थायरॉक्सिन घडवत नाहीत. मात्र संसर्गाच्या जागी क्रियाशील संप्रेरक किती असावे, यावर त्यांचा प्रभाव पडतो. अवटू ग्रंथीला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवते. मानवी लिम्फोसाइट पेशीही टीएसएचसदृश पदार्थ तयार करू शकतात, असे स्मिथ, ब्लॅलॉक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवून दिले.

या संबंधाची जाणीव रुग्णालयात विशेष उपयोगी पडते. तीव्र संसर्ग, मोठी शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यानंतर रक्तातील टी-३ झपाट्याने घटते. रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले इंटरल्युकिन-६ सारखे पदार्थ त्याला हातभार लावतात. ग्रंथी निरोगी असूनही तपासणीचा अहवाल बिघडलेला दिसतो. म्हणून अवटूविकाराची सबळ शंका नसेल, तर गंभीर आजारात ही तपासणी टाळून रुग्ण बरा झाल्यावर काही आठवड्यांनी ती केली जाते. अन्यथा नसलेल्या विकारावर उपचार सुरू होण्याचा धोका असतो. जे रुग्ण आधीपासून थायरॉक्सिनच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी मात्र आजारपणात त्या स्वतःहून बंद करू नयेत.