जादूचा कंदील आणि न्यूयॉर्कच्या चाळी

मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरील चित्र दिवा व भिंग यांच्या साहाय्याने पडद्यावर मोठे करून दाखवणारे यंत्र, एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने करमणुकीचे साधन होते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने याच यंत्रावर पौराणिक कथा रंगवल्या. न्यूयॉर्कमध्ये मात्र पोलिसी बातम्या देणारा जेकब रीस हा मूळचा डॅनिश वार्ताहर १८८८ मध्ये ते यंत्र घेऊन सुखवस्तू श्रोत्यांपुढे उभा राहिला आणि स्थलांतरित मजुरांच्या कोंदट चाळींची छायाचित्रे दाखवत त्याने त्यांची कहाणी सांगितली. हे शक्य झाले ते १८८७ च्या सुमारास जर्मनीत तयार झालेल्या, मॅग्नेशियमयुक्त आणि पेटताच क्षणभर लख्ख उजेड देणाऱ्या पुडीमुळे, कारण त्या खोल्यांत दिवसाही अंधार असे. अर्थात, या उजेडाने दचकून जागे झालेल्यांची संमती क्वचितच घेतली जाई, आणि रीसच्या निवेदनात वंशांविषयीचे ठोकळेबाज पूर्वग्रहही भरपूर होते. त्याची करुणा वरून खाली पाहणारी होती, असेच म्हणावे लागते. १८९० च्या ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ या पुस्तकात काही छायाचित्रे हाफटोनने, म्हणजे ठिपक्यांच्या लहानमोठेपणातून छायाप्रकाश दाखवणाऱ्या पद्धतीने, छापली गेली, तर काहींच्या जागी रेखाटनेच आली. मूळ काचपट्ट्यांवरून काढलेल्या सुस्पष्ट प्रतींचे प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरले ते १९४७ मध्ये, रीसच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी.