महाराष्ट्रातील सागवने : वणवा, तोड आणि अधिवास

सरकारी मालकीच्या जंगलातून इमारती लाकूड काढणे, ते जंगल उन्हाळी वणव्यापासून वाचवणे आणि त्यात राहणाऱ्या वन्यजीवांचा आसरा शाबूत ठेवणे या तीन कामांचा एकमेकांशी घातलेला मेळ. महाराष्ट्राचे नोंदलेले वनक्षेत्र सुमारे ६१ हजार चौ. किमी., म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाचा साधारण पाचवा हिस्सा आहे. त्यातले मोलाचे लाकूड देणारे जंगल मुख्यतः चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत आणि मेळघाट-सातपुड्यात आहे. हे शुष्क पानझडी जंगल असून साग त्यात प्रमुख आहे. सोबतीला ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, सालई आणि बांबू. वाघ याच जंगलात फिरतो, लिलावाचा साग इथूनच निघतो आणि दर उन्हाळ्यात पेटतेही हेच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली गेलेला साग बल्लारपूरच्या आगारातून रवाना झाला होता.

वणव्याचे स्वरूप : वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानते. या काळात साग-ऐनाची पाने गळून जमिनीवर साचतात, गवत वाळते आणि दुपारचा वारा कोरडा होतो. आग सहसा जमिनीलगत सरकते, शेंड्यापर्यंत चढत नाही. त्यामुळे आग विझल्यावर जंगल उभेच दिसते आणि फारसे काही बिघडले नाही असा समज होतो. तो समज खोटा आहे. दोन-तीन वर्षांची रोपे जळतात, बियाणे जाते, माती उघडी पडून पहिल्याच पावसात वाहू लागते. तितर, लावा, रानकोंबडी यांच्यासारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, कासवे आणि सरडे यांना पळायला वाव राहत नाही. जुन्या पोकळ झाडांचे तर विशेष नुकसान होते. बुंध्याच्या ढोलीत ठिणगी शिरली की झाड आतून धुमसत राहते. वरून आग विझलेली दिसते आणि काही दिवसांनी तेच झाड जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्टीवर, आडवे पडून पलीकडचे जंगल पेटवते.

इथे वणवा जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागतो. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि तो विझवायचे राहून जाते. आगीनंतर तेंदूला कोवळी, मऊ पालवी फुटते, म्हणून विडीच्या पानासाठी आग लावली जाते. चराईचे नवे गवत, शिकार, अतिक्रमण, वाटसरूची न विझलेली विडी ही उरलेली कारणे. सह्याद्रीत डोंगरउतारावरचे गवत पेटवण्याची रीत वेगळी आहे आणि तिथले निमसदाहरित जंगल आगीला अजिबात सरावलेले नसल्याने तिथे हानीही वेगळी होते. त्याचा विचार या नोंदीत केलेला नाही.

आगबंदीचा इतिहास : १८६० च्या दशकात वनाधिकारी कॅप्टन पीअर्सन यांनी सातपुड्यातील बोरीचे जंगल (आज मध्य प्रदेशात) वणव्यापासून राखून दाखवले. मध्य भारतातल्या संघटित आगबंदीची सुरुवात तिथून धरतात. पुढे ब्रह्मदेशाच्या ओलसर सागवनांत कडक आगबंदीचा उलटा परिणाम दिसला. सागाची नैसर्गिक रोपे घटली आणि बांबू व झुडपांनी जागा व्यापली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द वनाधिकाऱ्यांनीच आगबंदीचा अतिरेक होत असल्याचे लिहायला सुरुवात केली. सागाची साल जाड असते, फळाचे कवच कठीण असते आणि वरचा कोंब जळाला तरी मूळ जिवंत राहून पुन्हा फुटते. तेव्हा साग आगीचा सोबती आहे हे खरे. पण ब्रह्मदेशातला निष्कर्ष उचलून विदर्भाला लावणे चुकीचे ठरेल. इथे पाऊस कमी, माती उथळ, आणि जंगलाचा तोच कक्ष वर्षानुवर्षे जळत राहतो. अशा ठिकाणी सागाचा कोंब दरसाल जळून मुळाशी परततो. झाड होण्याइतकी उसंत त्याला मिळत नाही आणि सागाइतकी सोशिक नसलेली झाडे हळूहळू नाहीशी होतात.

तोड आणि तिचे नियम : सरकारी जंगलात झाड तोडायचे तर त्या विभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगल हाताळण्याचा मंजूर आराखडा, लागतो. ही आयोजना साधारण दहा वर्षांसाठी असते. टी. एन. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय होणारी तोड थांबवली, तेव्हापासून या कागदाला खरे वजन आले. आयोजनेत कक्षाची जमीन आधी प्रतवारीने विभागली जाते. २५ अंशांहून तीव्र उतार आणि ओढ्या-नाल्यांच्या दोन्ही काठांची २० मीटरची पट्टी ही संरक्षित. तिथे कुऱ्हाड लागत नाही. उरलेल्या भागात मोजणी होते, तोडायच्या झाडांवर मार्का बसतो आणि कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, आखला जातो.

राज्यातील उत्पादक वनीकरणाला वेगळे वळण दिले ते महाराष्ट्र वनविकास महामंडळाने. १९७४ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या या महामंडळामागे राष्ट्रीय कृषी आयोगाची उत्पादनवाढीची शिफारस होती : मिश्र जंगल सरसकट तोडायचे आणि त्या जागी साग लावायचा. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने हा क्रम फिरवला आणि पर्यावरणाचा समतोल आधी, थेट आर्थिक लाभ त्यानंतर, असे स्पष्ट लिहिले. तोवर मोठे क्षेत्र एका वयाच्या, एका जातीच्या सागाखाली गेले होते. अशा रोपवनात फळे, ढोल्या आणि झुडपी अडोसा कमी असतो. खाली मात्र मोठमोठ्या वाळल्या पानांचा सलग थर असतो, आणि आग त्यावरून अडथळ्याविना धावते. महामंडळाच्या ताब्यातील बरीच जमीन ताडोबाच्या परिसरात आणि विदर्भातील वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर आहे. त्यामुळे तिथल्या कुपांवर वन्यजीव अभ्यासक आणि गावकरी आक्षेप घेतात, आणि त्या आक्षेपांत तथ्य आहे.

जमिनीवर पडलेले लाकूड : या साऱ्या विषयाची गाठ इथे आहे, आणि व्यवस्थापनात सर्वांत दुर्लक्षितही हीच बाब राहिली आहे. तोडीचा मोसम पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. ओंडके आगाराला जातात, जळाऊ लाकडाचे बीट रचले जातात. फांद्या, डहाळ्या आणि साल कुपातच पडून राहते. फेब्रुवारी येईस्तोवर हा सगळा फाटा खडखडीत वाळलेला असतो. आग त्यात शिरली की तिची धग साध्या पाचोळ्याच्या आगीपेक्षा किती तरी जास्त आणि जास्त वेळ टिकणारी असते. राखून ठेवलेली उभी झाडेही मग बुंध्याशी भाजतात. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. खुंट जमिनीलगत साफ छाटावा आणि फाटा खुंटापासून व उभ्या झाडांपासून ओढून दूर करावा, म्हणजे खुंटाच्या नव्या फुटव्याला आग पोचत नाही. हे काम मजुरीचे आहे. लाकूड विकून पैसे हाती आल्यानंतर करायचे असल्याने ते मागे पडते.

हेच पडलेले लाकूड दुसऱ्या बाजूने पाहिले तर घर असते. कुजणाऱ्या ओंडक्यात किडे असतात, किड्यांवर सरडे जगतात, सरड्यांवर रानपिंगळा. हे छोटे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झाले, १८८४ नंतर कोणाला सापडले नाही आणि ते नष्ट झाले असे मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसले. नंतर मेळघाटातही आढळले. त्याला विरळ, उन्हाचे सागवन चालते, तो दिवसाही शिकार करतो, पण घरट्याला मात्र जुन्या झाडाची ढोलीच लागते. वनाधिकारी ज्याला ‘मेलेले, सडके झाड’ म्हणून विरळणीत सर्वांत आधी काढतो, नेमके तेच झाड. शेकरूची गरज वेगळी. त्याला फांदीला फांदी भिडलेले छत्र हवे; विरळणीने छत्र तुटले की त्याचा मार्गच तुटतो. मेळघाटच्या एकाच डोंगरावर या दोघांना पुरेल असे एकच सूत्र लिहिता येत नाही. कार्य आयोजनांत पोकळ व घरटी असलेली झाडे राखण्याच्या सूचना असतात. मार्का मारणाऱ्याने झाडाकडे वर मान करून पाहिले तरच त्या सूचनांना अर्थ उरतो.

राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत चित्र आणखी वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी तिथून मेलेली, रोगट, वाऱ्याने पडलेली झाडे आणि गवत काढण्यास मनाई केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून काही काढायचेच तर ते वन्यजीवांच्या हितासाठी असावे लागते आणि निघालेला माल विक्रीला नेता येत नाही. आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरताच तो वापरायचा. या बंदीने लाकूडचोरीचा एक राजमार्ग बंद केला आणि ढोल्या-ओंडके वाचले, हे तिचे मोठे काम. पण पडलेले लाकूड उचलता येत नसल्याने तिथे जाळण राहणारच, ते गृहीत धरून आग अडवण्याची तयारी दुप्पट करावी लागते.

जाळरेषा : आग एका कक्षातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून आखलेली, गवत-पाचोळा काढून टाकलेली पट्टी. हद्दीवर आणि रस्त्यांलगत ती रुंद, आत अरुंद. साधारण ३ ते १२ मीटर. पावसाळा सरल्यावर पट्टीवरचे गवत कापतात, वाळू देतात आणि १५ फेब्रुवारीच्या आत, सकाळच्या दवात किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर, माणसे दोन्ही कडांना उभी करून जाळतात. अडचण पुढे येते. सागाची पानगळ त्यानंतरही चालू असते, आणि फेब्रुवारीत जाळून काळी केलेली रेषा मार्चअखेर पुन्हा पानांनी झाकून जाते. एकदा जाळून सोडलेली रेषा म्हणजे कागदावरचे संरक्षण. मेळघाट आणि ताडोबात पाठीवरच्या ब्लोअरने त्या पुन्हा पुन्हा झाडतात. प्रत्यक्ष आग विझवताना हिरव्या डहाळ्यांनी झोडपणे आणि समोरून उलटी आग लावणे हे जुने उपाय आजही तितकेच कामाचे आहेत.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या सूचना राज्यांना पाठवते. २०१७ पासून ३७५ मीटर विभेदनाची माहिती मिळू लागल्याने लहान आगीही दिसतात आणि इशारा थेट नियतक्षेत्राच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. तिथून पुढचे काम माणसांचे. एका वनरक्षकाला आणि हंगामी फायर वॉचरांना सारा डोंगर आवरत नाही. गावातून वीस-तीस माणसे धावून आली तर आग रात्रीत आटोक्यात येते.

गावांचा वाटा : भारतीय वन अधिनियम, १९२७ ने गावकऱ्यांना बांधून ठेवले. कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असलेल्याने आग विझवायला जाणे बंधनकारक आहे. कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. धाकाने जंगल राखण्याचा हा मार्ग फारसा उपयोगी पडला नाही. ज्याचे त्या जंगलात काही नाही त्याने रात्री उठून का धावावे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ते दिले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकण्याचा अधिकारही. पुढे गडचिरोली-गोंदियातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करू लागल्या. पाने आपली, पैसा आपला, म्हटल्यावर आग लावण्याऐवजी खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपे फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयत्याने छाटून नवी पालवी आणणे, परवडू लागते. वणवा रोखण्यासाठी आजवर योजलेल्या उपायांत हा सर्वांत भरवशाचा मानावा लागेल.

बांबूचा फुलोरा : मानवेल बांबू काही दशकांनी एकाच वेळी फुलतो, बी टाकतो आणि बेटेच्या बेटे वाळून उभी मरतात. तेव्हा डोंगरभर जाळण तयार होते आणि त्याच्याखाली, त्याच मातीत, पुढच्या पिढीचे बी रुजत असते. त्या काळात एक वणवा गेला तर बांबू पुन्हा उभा राहायला फार काळ लागतो. गवा आणि सांबर यांचा चारा तितकी वर्षे तुटतो. सामूहिक वनहक्काच्या किंवा वनखात्याच्या प्रादेशिक जंगलात मेलेला बांबू तोडून बाहेर काढता येतो, आणि तो विकलाही जातो. अभयारण्यात विक्रीची मुभा नाही. तिथे रस्त्यांच्या आणि जाळरेषांच्या कडेचा मेलेला बांबू कापून आतल्या बाजूला आडवा करणे, बाकीचा जागेवर कुजू देणे आणि रुजवणीची पहिली काही वर्षे त्या कक्षांत चराई व आग दोन्ही कडक बंद ठेवणे, एवढाच पर्याय राहतो.