छडी गेली, मग काय आलं?

गोंगाट करणाऱ्या वर्गाला शिक्षकाने रोखठोक बोलावं का? या प्रश्नाकडे इतिहासातून बघताना मला जोसेफ लँकेस्टर आठवतो.

१७९८ मध्ये त्याने लंडनमध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली. शेकडो मुलं, मास्तर एकच. मोठी मुलं धाकट्यांना शिकवायची आणि सगळा वर्ग छोट्या, ठरलेल्या हुकमांवर चालायचा. लँकेस्टर क्वेकर पंथाचा, फटके मारण्याच्या विरोधातला. म्हणजे दयाळू माणूस? जरा थांबा. त्याच्याच पुस्तकात शिक्षा सापडतात: गळ्यात लाकडी ओंडका अडकवणं, टोपलीत बसवून छताला टांगणं. हेतू हाच, की बाकीच्यांनी बघून हसावं. मार गेला, त्याच्या जागी लाज आली.

लाजवणं हीसुद्धा इजाच आहे, हे आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यात यायला २००९ साल उजाडलं. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई करतं.

म्हणून माझं उत्तर असं: "आवाज बंद, मला शिकवता येत नाहीये" हे रोखठोक आहे आणि ते चालेल. "तुमच्या डोक्यात शेण भरलंय" ही मात्र शब्दांनी विणलेली लँकेस्टरची टोपलीच. पहिलं वाक्य कृतीबद्दल बोलतं, दुसरं मुलाबद्दल.

संशोधनाला लागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: कागदपत्रांत "छडी बंद" असं दिसलं की सुधारणा झाली म्हणून पान उलटू नका. तिच्या जागी काय आलं, ते शोधा.