फाइलशोधाची गती : झडतीपासून सूचीपर्यंत

संगणकावर फाइल शोधण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे झडती. एक फोल्डर उघडायचे, त्यातली नावे वाचायची, आतल्या फोल्डरात उतरायचे आणि डिस्क संपेपर्यंत हेच करत राहायचे. युनिक्समधली ‘फाइंड’ ही आज्ञा अशीच चालते. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीसोबत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. एवढ्याशा जागेत झडती फारशी जाचत नसे. डिस्क वाढत गेल्या तशी ती मिनिटांवर गेली.

दिरंगाईचे मूळ यांत्रिक आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यात सरासरी अर्धा फेरा जातो, आणि शीर्ष तिथवर सरकण्याचा वेळ वेगळा. विखुरलेल्या हजारो फोल्डरांसाठी ही ये-जा पुन्हा पुन्हा होते. प्रोसेसर कितीही चपळ असला तरी बहुतेक वेळ तो डिस्कची वाट पाहत थांबतो. म्हणून झडतीची गती वाढवण्यापेक्षा झडतीच टाळणे हा खरा उपाय होता.

तो जेम्स वुड्स यांनी १९८३ मध्येच युझनिक्स संघटनेच्या नियतकालिकात मांडला. रात्री एकदा सगळी डिस्क फिरून प्रत्येक फाइलचा पत्ता एकाच यादीत लिहून ठेवायचा आणि दिवसा फक्त ती यादी चाळायची. पत्ते क्रमाने लावले की शेजारच्या दोन पत्त्यांचा सुरुवातीचा भाग बहुधा सारखाच असतो. वुड्स यांनी तो पुन्हा न लिहिता फक्त वेगळा भाग नोंदवला. यादी त्यामुळे इतकी आटोपशीर झाली की ती एका दमात वाचता येई. युनिक्सची ‘लोकेट’ आज्ञा यातूनच आली. उणीव मात्र ठळक होती : सकाळी तयार केलेली फाइल रात्रीच्या यादीत नसे. शिवाय ही व्यवस्था संस्थांच्या अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांना सोयीची होती. घरचा संगणक रात्री बंद असतो.

यादी शिळी होऊ नये, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न ठरला. १९९० च्या दशकात बीओएस या प्रणालीसाठी डॉमिनिक जियाम्पाओलो आणि सिरिल म्यूरियाँ यांनी लिहिलेली फाइल-व्यवस्था नाव, आकार आणि बदलाची वेळ यांच्या सूची स्वतःच राखत असे; फाइल बदलली की सूचीही त्याच क्षणी बदले. ही कल्पना फार मोलाची होती, पण बीओएस बाजारात टिकली नाही. जियाम्पाओलो पुढे अॅपलमध्ये गेले आणि तिथे त्यांनी ‘स्पॉटलाइट’ या शोध-प्रोग्रॅमवर काम केले. एप्रिल २००५ मध्ये मॅक ओएस १०.४ सोबत तो लोकांच्या हाती आला.

विंडोजमध्ये लागणारे साहित्य आधीपासूनच होते. एनटीएफएस व्यवस्था प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात ठेवते आणि विंडोज २००० पासून बदलांची रोजनिशीही लिहिते. व्हॉइडटूल्सच्या ‘एव्हरीथिंग’ या छोट्या प्रोग्रॅमने फोल्डर न उघडता थेट तो तक्ता वाचला, रोजनिशीवरून यादी ताजी ठेवली आणि अक्षर टाइप होताच नावे समोर आणली.

मजकुरातला शोध याहून जड काम होते. त्यासाठी प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या फाइलींत आहे याची नोंद करावी लागते. गूगलने २००४ मध्ये ‘डेस्कटॉप सर्च’ आणला आणि २०११ मध्ये बंद केला. दरम्यान २००७ च्या विंडोज व्हिस्टाने अशी सूची प्रणालीतच घेतली होती. मराठीला तिचा लाभ उशिरा झाला. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुरात मराठी अक्षरांच्या जागी भलतेच संकेतांक साठवलेले असत. त्यामुळे युनिकोडमध्ये शब्द विचारला तर तो पडद्यावर दिसत असूनही सूचीत सापडत नसे. जुन्या फाइली युनिकोडमध्ये उतरवल्याशिवाय गती वाढवून काहीच हाती लागत नव्हते.

एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे साधी झडतीही पुष्कळ वेगवान झाली. तरीही सूची मागे पडली नाही. २०२० मध्ये आलेला ‘पीलोकेट’ नावांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेगळी यादी ठेवतो. विचारलेल्या शब्दातले सगळे तुकडे ज्या नावांत आढळतात, तेवढीच तो तपासतो. डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांनी जुन्या ‘लोकेट’च्या जागी आता तोच घेतला आहे.